यकृताचा कर्करोग आणि मायक्रोआरएनए चाचणी : या चुका टाळा

मायक्रोआरएनए म्हणजे जनुकांचं काम नियंत्रित करणारे आरएनएचे छोटे तुकडे, त्यांना ‘मिर’ आणि क्रमांक अशी नावं असतात. प्रौढ यकृतातल्या एकूण मायक्रोआरएनएपैकी सुमारे ७० टक्के एकटा मिर-१२२ असतो. म्हणून रक्तात तो वाढला की लगेच कर्करोगाची शंका घेतली जाते. सर्वांत मोठी चूक हीच. यकृताची पेशी हेपॅटायटिसने फुटो नाहीतर पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने, आतला मिर-१२२ रक्तात उतरणारच. कर्करोगाच्या कित्येक गाठींमध्ये तर तो उलट घटलेला असतो. त्यामुळे फक्त निरोगी माणसांशी तुलना करून यश सांगणाऱ्या अभ्यासावर माझा विश्वास बसत नाही. तुलना हवी ती सिरोसिसच्या (यकृतात व्रण साचून ते कडक होतं त्या आजाराच्या) आणि जुनाट हेपॅटायटिस बीच्या रुग्णांशी, कारण गाठ शोधायची असते ती बहुतेकदा त्यांच्यातच.

दुसरी चूक रक्त घेताना होते आणि ती रिपोर्टमध्ये दिसतही नाही. बारीक सुईने जोरात ओढलं, ट्यूब खळाखळा हलवली, की तांबड्या पेशी फुटतात आणि प्लाझ्मा गुलाबी होतो. या पेशींत मिर-१६ आणि मिर-४५१ भरपूर असतात. मिर-१६ अनेक लॅब संदर्भ म्हणून वापरतात, म्हणजे बाकीचे मिर त्याच्या तुलनेत मोजतात. तोच फुगला तर खरोखर वाढलेला मिर-१२२ हिशेबात कमी दिसतो. नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवू नका, पेशी फुटल्यात का हे कळायला मिर-४५१ आणि मिर-२३ए यांचं गुणोत्तर तपासा. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन घातलेली ट्यूबही नको, ते पीसीआरमध्ये (आरएनए मोजायच्या चाचणीत) अडथळा आणतं, त्याऐवजी ईडीटीएची ट्यूब वापरा.

मिर-२१ वाढला म्हणून यकृतच धरू नका, तो अनेक कर्करोगांत वाढतो.

उपचारांत घाई महागात पडते. गाठ रोखणाऱ्या मिर-३४एची नक्कल असलेलं एमआरएक्स-३४ हे औषध यकृताच्या कर्करोगासह इतर कर्करोगांच्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. रोगप्रतिकारशक्तीच्या तीव्र प्रतिक्रिया आल्या, रुग्ण दगावले आणि २०१६मध्ये चाचणी थांबवावी लागली. मिर-१२२चंही तसंच सरळ नाही. हेपॅटायटिस सीच्या विषाणूला वाढायला तो लागतो, म्हणून त्याला अडवणारं मिराव्हिरसेन तयार झालं. पण ज्या उंदरांमधून मिर-१२२ काढून टाकला, त्यांच्या यकृतात पुढे गाठी झाल्या.

सिरोसिस असेल तर मायक्रोआरएनएचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दर ६ महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नका. तीत संशयास्पद गाठ दिसली, तर कॉन्ट्रास्ट देऊन सीटी किंवा एमआरआय करून घ्या.