अलेक्सा स्किलसाठी रिक्वेस्ट हँडलर कसे लिहायचे, पाढे म्हणणारं स्किल बनवत बनवत

अलेक्सा म्हणजे अ‍ॅमेझॉनची आवाजावर चालणारी मदतनीस, स्किल म्हणजे तिच्यावर चालणारं आपलं छोटं अ‍ॅप, आणि रिक्वेस्ट हँडलर म्हणजे त्यात आलेल्या विनंतीला उत्तर देणारा कोड. अलेक्साशी कोणी बोललं की तो आवाज आपल्या कोडपर्यंत येतच नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. बोललेलं ओळखणं, त्यातून माणसाला काय हवंय ते शोधणं, हे सगळं अ‍ॅमेझॉनकडे होतं आणि आपल्या हातात पडतो एक जेसन (ठरलेल्या रचनेत लिहिलेली माहिती). त्यात बघायचं एवढंच की रिक्वेस्ट कुठल्या प्रकारची आहे. स्किल नुसतं उघडलं तर लाँचरिक्वेस्ट, काही मागितलं तर इंटेंटरिक्वेस्ट (इंटेंट म्हणजे माणसाला काय हवंय ते), आणि गाशा गुंडाळला तर सेशनएंडेडरिक्वेस्ट.

आपण पाढ्यांचं स्किल घेऊ. मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) नाहीये, म्हणून इंग्लिश इंडिया घ्या, मुलं तशीही शाळेत "सेव्हन्टीन टू जा थर्टी फोर" असंच म्हणतात. (हिंदीचं लोकेल आहे, पण त्यात मराठी वाक्यं टाकली तर ती हिंदी ढंगात वाचली जातात, कानाला बरं नाही वाटत.)

डेव्हलपर कन्सोलवर नवीन स्किल, मॉडेल कस्टम, बॅकएंड अलेक्सा होस्टेड नोड जेएस, टेम्पलेट कोरं. होस्टेड घेतलं की लॅम्ब्डाचं (अ‍ॅमेझॉनची कोड चालवणारी सेवा) वेगळं अकाउंट वगैरे काढत बसायला नको. कोड टॅबमध्ये हॅलो वर्ल्डवाले तयार हँडलर दिसतील.

प्रत्येक हँडलर म्हणजे दोन फंक्शनं. कॅनहँडल सांगतं "हे काम माझं" की "माझं नाही", म्हणजे ट्रू किंवा फॉल्स, आणि हँडल ते काम करून उत्तर देतं. एसडीके (अ‍ॅमेझॉनची तयार कोड लायब्ररी) तुमची हँडलरांची यादी वरून खाली वाचत जातं आणि ज्याचं कॅनहँडल पहिल्यांदा ट्रू म्हणेल त्याला काम देऊन मोकळं होतं, बाकीच्यांना विचारतही नाही. बहुतेक गोंधळ इथेच होतात, हँडलमधला कोड तासभर तपासत बसतात आणि चूक असते कॅनहँडलमध्ये नाहीतर क्रमात. टेम्पलेटमधला इंटेंटरिफ्लेक्टर कुठलाही इंटेंट गिळतो, तो वर गेला तर खालच्या इंटेंटांपर्यंत काही पोचणारच नाही, म्हणून तो कायम शेवटी ठेवा.

आता मॉडेलमध्ये पाढ्याचा इंटेंट बनवा, नमुना वाक्यं "टेबल ऑफ" आणि पुढे नंबरचा स्लॉट (वाक्यातली बदलत्या शब्दासाठीची जागा). स्लॉटचा टाइप अ‍ॅमेझॉन नंबर. मग बिल्ड दाबा. हँडलरमध्ये कॅनहँडल दोन गोष्टी तपासेल, रिक्वेस्ट इंटेंटरिक्वेस्ट आहे का आणि इंटेंटचं नाव आपलंच आहे का. हँडलमध्ये स्लॉटची व्हॅल्यू काढा, पण लगेच गुणाकाराला लागू नका, कारण आकडा असला तरी ती स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर असते, कधी येतच नाही, आणि आकडा कळला नाही तर चक्क प्रश्नचिन्ह येतं. पार्सइंटने तिचा आकडा करा, आकडा निघाला नाही तर "कितीचा पाढा?" असं विचारा.

उत्तर बनवतो रिस्पॉन्सबिल्डर. स्पीकमध्ये जे बोलायचं ते, रीप्रॉम्प्टमध्ये समोरचा गप्प राहिला तर पुन्हा विचारायचं ते, आणि शेवटी गेटरिस्पॉन्स. रीप्रॉम्प्ट दिला की सेशन (चालू संभाषण) उघडं राहतं, म्हणून नियम सोपा: प्रश्न विचारलात तर रीप्रॉम्प्ट द्या, नाही विचारलात तर देऊ नका. पाढा म्हणून झाला, काही विचारलं नाही आणि तरी अलेक्साचा डबा ऐकत बसलाय, हे घरच्यांना अजिबात आवडत नाही.

खरी मजा पुढे आहे. पाढा झाल्यावर "प्रश्न विचारू का?" म्हणा आणि रीप्रॉम्प्टही द्या. मूल "यस" म्हणेल, तेव्हा अ‍ॅमेझॉनचा तयार यसइंटेंट येतो (तो आणि नोइंटेंट मॉडेलमध्ये आधी टाकावा लागतो), पण तो "यस" कशाला हे त्या रिक्वेस्टमध्ये लिहिलेलं नसतं. ते आपणच सेशन अ‍ॅट्रिब्यूटमध्ये लिहून ठेवायचं, म्हणजे टप्पा "विचारलंय", पाढा सतराचा. मग कॅनहँडलमध्ये नावाबरोबर टप्पाही तपासा. उत्तराचंही तसंच, नुसता "थर्टी फोर" आला तर प्रश्नोत्तरं चालू असताना तो उत्तर आहे आणि एरवी चौतिसाचा पाढा मागितलाय. एकाच इंटेंटसाठी दोन हँडलर लिहा, टप्पा तपासणारा वर, साधा खाली. एकाच हँडलमध्ये इफ-एल्सचा डोंगर रचण्यापेक्षा हे फार बरं पडतं. सेशन संपलं की हे अ‍ॅट्रिब्यूट पुसले जातात, उद्यासाठी गुण जपायचे असतील तर पर्सिस्टंट अ‍ॅट्रिब्यूट वापरा.

हेल्प, कॅन्सल, स्टॉप टेम्पलेटमध्ये असतात, फक्त हेल्पचं वाक्य बदला. फॉलबॅक (बोललेलं कशातच बसलं नाही तर येणारा इंटेंट) मात्र ठेवाच, मूल मध्येच "मला भूक लागली" म्हणालं तर तिथे जातं. एरर हँडलरचं कॅनहँडल नेहमी ट्रू. कुठलाच हँडलर जुळला नाही तरी गाडी तिथेच येते, तेव्हा त्यात एरर लॉगमध्ये छापा, नाहीतर नुसतं "सॉरी" ऐकून काहीच कळणार नाही. बाहेरची एपीआय (दुसऱ्या सेवेकडून माहिती मागायची सोय) वापरत असाल तर उत्तर साधारण 8 सेकंदांत गेलं पाहिजे, आणि अवेट (तिचं उत्तर येईपर्यंत कोड थांबवणारा शब्द) विसरू नका.

सेव्ह, डिप्लॉय, मग टेस्ट टॅबमध्ये डेव्हलपमेंट निवडून टाइप करा. शेजारी आलेला जेसन दिसतो, काही बिनसलं तर आधी तिथलं इंटेंटचं नाव बघा. नाव चुकीचं असेल तर नमुना वाक्यं वाढवा, नाव बरोबर असून उत्तर भलतंच आलं तर हँडलरांचा क्रम बघा. आणि सेशनएंडेडरिक्वेस्टच्या हँडलरमध्ये टाटा-बायबाय लिहू नका, तिथे दिलेलं बोलणं अलेक्सा बोलत नाही, जे सांगायचं ते स्टॉपमध्येच सांगून घ्या.