अन्याय्य आयात आणि सरकारी खरेदीविषयी हरकती-सूचना पाठवताना या चुका टाळा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील एका काजू कारखान्याच्या कचेरीत बसून मी त्यांचे निवेदन वाचत होतो. वर ‘माननीय मंत्री महोदयांच्या सेवेशी’, मध्ये ‘परदेशी काजूमुळे आमचा धंदा डबघाईला आला आहे’ आणि खाली ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती’. कोणता काजू, कोणत्या देशातून, कोणत्या दराने, याचा दीड पानात कुठेही पत्ता नव्हता. शेजारच्या टेबलावर मात्र सगळे पडलेले होते: बियांच्या खरेदीची वही, प्रतवारीनुसार गराच्या विक्रीची बिले, सोलणाऱ्या बायकांचे हजेरीपत्रक आणि बाजारातून मुद्दाम विकत आणलेले, ‘गोव्याचा काजू’ असे छापलेले एक पाकीट, ज्यातला गर इथला नव्हेच असे मालकांचे म्हणणे होते.

आपल्याकडे देवळात गाऱ्हाणे घालताना पुरावा लागत नाही; दिल्लीतल्या चौकशी अधिकाऱ्यापुढे तो लागतो. सरकार जेव्हा अन्याय्य व्यापारी वर्तनाविषयी हरकती व सूचना मागवते, तेव्हा त्याला आपले दुःख नव्हे, पडताळून पाहता येईल अशी माहिती हवी असते. आपल्या लघुउद्योजकांची बहुतेक निवेदने गाऱ्हाणे खोटे असल्यामुळे नव्हे, तर ते ठरीव विनंतीअर्जाच्या साच्यात ओतल्यामुळे वाया जातात, असे माझे मत आहे.

दार चुकणे

परदेशातून येणारा माल पडेल किमतीने विकला जात असेल (ज्याला डंपिंग म्हणतात) तर तो विषय वाणिज्य मंत्रालयाच्या व्यापार उपाय महासंचालनालयाचा आहे. माल आणताना खोटे नाव किंवा खोटी किंमत घोषित केली जात असेल, तर तो सीमाशुल्क खात्याचा विषय आहे. काजूचेच पाहा. २०१९ च्या जूनमध्ये काजूगरासाठी किमान आयात किंमत तुकड्याला किलोमागे ६८० रुपये आणि अख्ख्या गराला ७२० रुपये ठरवण्यात आली. त्याखालच्या दराने गर येत असल्याची शंका असेल तर प्रश्न डंपिंगचा नसून खोट्या घोषणेचा असू शकतो, आणि तसे निवेदन महासंचालनालयाकडे पाठवणे म्हणजे पंचायतीतल्या कामासाठी मामलेदाराच्या दारात रांग लावणे होय. मंत्र्यांना प्रत जरूर द्यावी, परंतु मूळ निवेदन सरकारच्या जाहीर सूचनेत दिलेल्या पत्त्यावर, त्यातील प्रकरण क्रमांक घालूनच पाठवावे.

‘स्वस्त’ म्हणजे ‘डंपिंग’ असे समजणे

ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. परदेशी माल आपल्यापेक्षा स्वस्त आहे एवढ्याने काहीही सिद्ध होत नाही. निर्यातदार तोच माल आपल्या देशात ज्या किमतीला विकतो, तिच्यापेक्षा कमी किमतीला तो भारतात पाठवत असेल तरच ते डंपिंग ठरते. ही तफावत निर्यात किमतीच्या २ टक्क्यांहून कमी असेल तर चौकशी पुढे जात नाही. शिवाय त्या आयातीमुळेच आपल्याला हानी झाली हे दाखवावे लागते: उत्पादन, विक्री, नफा, पडून राहिलेला साठा, कामगारांचे घटलेले दिवस. खाणबंदी, पावसाने मोहर गळणे, वाढलेले वीजबिल या सगळ्यांचे खापर आयातीवर फोडले की समोरचा वकील नेमक्या त्याच वाक्यावर बोट ठेवतो आणि बाकीचे खरे आकडेही संशयास्पद ठरतात.

अर्ज करणाऱ्यांचे उत्पादन देशातील एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के असावे लागते, हीही अट आहे. एकट्या गोव्याच्या काजूवर ती पूर्ण होणे कठीण, त्यामुळे केरळ, कर्नाटक, कोकणातील प्रक्रियाकारांना बरोबर घेतल्याशिवाय अर्जाचा विचारच करू नये. दुसऱ्याने सुरू करून घेतलेल्या चौकशीत मात्र वापरदार म्हणूनही म्हणणे मांडता येते, हे वेर्णा आणि कुंडईतल्या कितीतरी कारखानदारांच्या ध्यानात नसते. तुमच्या कच्च्या मालावर शुल्क बसले तर ते साधारण पाच वर्षे राहते; तेव्हा सूचना वाचून ‘हे उत्पादकांचे भांडण’ म्हणून बाजूला ठेवणे महागात पडते.

वर्गवारीचा आकडा न तपासणे

सत्तरीच्या निवेदनात ‘आयात काजू’ एवढाच शब्द होता. सीमाशुल्काच्या वर्गवारीत सालासकट बिया ०८०१ ३१ मध्ये येतात, सोललेला गर ०८०१ ३२ मध्ये, आणि भाजलेला खारवलेला काजू थेट २००८ या शीर्षाखाली. आता गंमत अशी की त्या मालकांच्या भट्टीतही हंगाम संपल्यावर आफ्रिकेतून आलेल्या बिया भाजल्या जात होत्या, कारण स्थानिक बी वर्षभर पुरत नाही. ‘काजूची आयात बंद करा’ ही मागणी मान्य झाली असती तर त्यांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला असता. आठ अंकी आकडा लिहिला की असले घोटाळे कागदावर येण्याआधीच लक्षात येतात.

सरकारी खरेदीत ‘अन्याय’ कशाला म्हणायचे ते न पाहणे

येथे विषय जरा नाजूक आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या मूळ कराराने सरकारने स्वतःच्या वापरासाठी केलेली खरेदी समान वागणुकीच्या नियमातून बाहेर ठेवली आहे. सरकारी खरेदीचा वेगळा करार आहे, त्याची सुधारित आवृत्ती २०१४ पासून लागू आहे. परंतु भारत २०१० पासून त्यात केवळ निरीक्षक आहे, सदस्य नाही. त्यामुळे गोव्यातल्या औषध कारखान्याला अमेरिकी संघीय खात्यांच्या मोठ्या खरेदीत वाव मिळत नाही, यामागे त्यांचा १९७९ चा कायदा आहे, ज्यात अशी खरेदी ठरावीक देशांच्या मालापुरती राखलेली असून त्यांत भारत नाही. हे आपल्याला जाचक वाटेल, पण दिलेले वचन मोडले गेले असे म्हणता येत नाही, आणि ‘कराराचा भंग’ असा शब्द वापरला की निवेदन पहिल्याच परिच्छेदात कोसळते.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. जागतिक व्यापार संघटनेपुढे चाललेल्या सौर पॅनेलच्या प्रकरणात भारताने ‘ही सरकारी खरेदी आहे’ असाच बचाव केला होता. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये अपील मंडळाने तो फेटाळला, कारण सरकार विकत घेत होते वीज, आणि देशी असण्याची अट घातली होती पॅनेलवर. सरकार नेमके काय विकत घेते आणि अट कशावर आहे, या दोन गोष्टी निवेदनात वेगवेगळ्या वाक्यांत लिहाव्यात, हा धडा मी त्या निकालातून घेतला.

मग परदेशी सरकारच्या निविदेत भारतीय पुरवठादाराला अटकाव होत असेल तर करायचे काय? आपल्या ‘मेक इन इंडिया’ खरेदी आदेशात, जो १५ जून २०१७ रोजी निघाला आणि १६ सप्टेंबर २०२० रोजी सुधारला गेला, याची सोय आहे. एखाद्या देशाच्या अटींमुळे भारतीय पुरवठादारांना तिथे भाग घेता येत नाही, अशी संबंधित मंत्रालयाची खात्री पटली, तर त्या देशाच्या बोलीदारांना इथल्या त्या वस्तूच्या खरेदीतून वगळता येते. खात्री पटवण्यासाठी मात्र निविदेचा क्रमांक, तारीख, अटीचे शब्दशः कलम आणि आपण बोली लावली असल्यास नाकारल्याचे पत्र लागते. ‘तिकडे आम्हाला घेत नाहीत’ हे ऐकीव वाक्य पुरत नाही.

हाच आदेश देशातील निविदांनाही लागतो. समजा, झुआरीकाठी फायबरच्या होड्या बांधणाऱ्या कारखान्याने केंद्राच्या एखाद्या खात्याची निविदा पाहिली आणि तीत ठरावीक परदेशी ब्रँडचेच इंजिन मागितले आहे. विनाकारण परदेशी ब्रँड किंवा प्रमाणपत्र मागणे हा आदेश भेदभाव मानतो. हरकत बोलीपूर्व बैठकीतच लेखी नोंदवावी. निविदा दुसऱ्याला गेल्यावर ती घेतली तर रडगाणे ठरते. पण पंचायतीने स्वनिधीतून केलेल्या खरेदीवर या आदेशाचा आधार घेऊ नये, कारण राज्य आणि स्थानिक संस्थांना तो केंद्राचा निधी असलेल्या योजनांपुरताच लागतो. आणि स्वतःला पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार म्हणवून घेताना ५० टक्के देशी अंश खरोखर आहे का, ते बिलांवरून मोजून पाहावे. खोट्या घोषणेबद्दल दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

गोपनीय पान उघडे ठेवणे

ही चूक माझी स्वतःची आहे. कुंडईच्या एका कारखान्याच्या वतीने वापरदार म्हणून उत्तर पाठवताना मी पुरवठादारांची नावे आणि दर असलेला तक्ता ‘गोपनीय’ असे न लिहिता जोडला. तो सर्व पक्षांना पाहता येणाऱ्या फायलीत गेला, आणि पुढच्या खरेदीच्या वेळी समोरच्या व्यापाऱ्याने आमचा जुना दर आम्हालाच वाचून दाखवला. मालक रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “भाऊ, चहा तरी घ्या.” तेव्हापासून मी दोन प्रती करतो. एक गोपनीय आणि दुसरी सर्वांसाठी, जीत खरे आकडे न देता निर्देशांक दिलेले असतात: पहिले वर्ष १००, पुढची त्या प्रमाणात. दुसरी प्रत नसेल तर गोपनीय माहितीही विचारात घेतली जाणार नाही, असे होऊ शकते.

मुदत

मुदत थोडी असते, एवढेच सांगतो. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने २०२५ च्या फेब्रुवारीत इतर देशांच्या अन्याय्य व्यापारी वर्तनाविषयी मते मागवली, तेव्हा ११ मार्चपर्यंतच, म्हणजे तीन आठवडेही नाहीत, एवढा वेळ दिला होता. वह्या आधीपासून तयार नसतील तर एवढ्या दिवसांत काहीही जमत नाही.

सुनावणीत तोंडी बोललेले नंतर लेखी दिले नाही तर ते धरले जात नाही, हा नियमच आहे. सत्तरीचे मालक मला सुनावणीला जाण्याविषयी विचारत होते. मी त्यांना म्हटले, “बोला हवे तितके, पण परतल्यावर तेच कागदावर उतरवून मुदतीत पाठवा.” त्यांनी मान डोलावली आणि हजेरीपत्रकाची झेरॉक्स काढायला मुलाला वाळपईला पाठवले.