कॅलिफोर्नियात नूतनीकरण झालेलं घर घेताय? या चुका टाळा

सातबाऱ्यावर बोजा नाही म्हणजे जमीन मोकळी, ही सवय कॅलिफोर्नियात महागात पडते. तिथे कामाचे पैसे न मिळालेल्या कंत्राटदाराला थेट घरावर बोजा चढवता येतो. हा ‘मेकॅनिक्स लीन’ घर विकलं तरी सुटत नाही; जुन्या मालकाची थकबाकी नव्याच्या गळ्यात पडते.

सर्वांत घातक चूक म्हणजे कोरा टायटल रिपोर्ट (घराची मालकी आणि नोंदलेले बोजे दाखवणारा अहवाल) पाहून निर्धास्त होणं. काम पूर्ण झाल्यावर ९० दिवसांपर्यंत लीन नोंदवता येतो. मालकाने १५ दिवसांच्या आत काउंटीत (जिल्ह्याच्या नोंदणी कार्यालयात) ‘नोटीस ऑफ कम्प्लीशन’, म्हणजे काम पूर्ण झाल्याची नोटीस, नोंदवली असेल, तर ती मुदत मुख्य कंत्राटदाराला ६० आणि पोटकंत्राटदार व माल पुरवणाऱ्यांना ३० दिवसांवर येते. लीनचा अग्रक्रम (इतर हक्कांच्या आधी वसुलीचा मान) मात्र काम सुरू झालं तेव्हापासून धरतात. त्यामुळे खरेदीच्या दिवशी कुठेच नसलेला लीन दोन महिन्यांनी उगवतो. नवं किचन किंवा नवं छप्पर दिसलं, की परमिटची अंतिम तपासणी कधी झाली ते विचारा. त्यावरून काम कधी संपलं याचा अंदाज येतो.

‘बिल चुकतं केलंय’ या विकणाऱ्याच्या शब्दावरही विसंबू नका. मालकाने मुख्य कंत्राटदाराला पैसे दिले, पण त्याने टाइल्सवाल्याचे थकवले, तर टाइल्सवाला लीन लावू शकतो. विकणाऱ्याकडून काम सुरू झाल्यावर आलेल्या सगळ्या ‘प्रिलिमिनरी नोटिसा’ (आपण या कामात आहोत, हे मालकाला कळवणाऱ्या नोटिसा) मागून घ्या. त्यात पोटकंत्राटदारांची नावं सापडतात. मुख्य कंत्राटदाराचं नाव करारात असतं. प्रत्येकाचं अंतिम पेमेंटचं ‘अनकंडिशनल वेव्हर अँड रिलीज’, म्हणजे लीनचा हक्क विनाअट सोडल्याचं पत्र, हवं. ‘कंडिशनल’वर थांबू नका, कारण पैसे खरोखर मिळेपर्यंत ते लागू होत नाही. कागद अपुरे असतील, तर लीनची मुदत संपेपर्यंत विक्रीची काही रक्कम एस्क्रोत (व्यवहाराचे पैसे सांभाळणाऱ्या त्रयस्थाकडे) अडवून ठेवण्याची अट घाला.

टायटल इन्शुरन्स (मालकीहक्कातल्या दोषांपासून संरक्षण देणारा विमा) घेताना स्वस्त स्टँडर्ड पॉलिसीत नोंद न झालेले लीन सहसा वगळलेले असतात. होमओनर्स पॉलिसी मागा आणि तिच्या ‘शेड्यूल बी’मध्ये (अपवादांच्या यादीत) लीनचा अपवाद घुसवलेला नाही ना, हे वाचा.

एवढं करूनही लीन आलाच, तर घाबरून पैसे भरू नका. टायटल कंपनीला लगेच लेखी कळवा. लायसन्स आवश्यक असताना ते नसलेल्याचा लीन टिकत नाही, तेव्हा कंत्राटदाराचं नाव सीएसएलबीच्या (कंत्राटदारांना लायसन्स देणाऱ्या राज्य मंडळाच्या) वेबसाइटवर तपासा. लीनच्या नोंदणीपासून ९० दिवसांत लीन लावणाऱ्याने कोर्टात दावा लावला नाही आणि मुदतवाढही नोंदवलेली नसेल, तर लीन बाद होतो. मात्र नोंद आपोआप पुसली जात नाही: आधी लीन लावणाऱ्याकडे तो काढण्याची लेखी मागणी, मग किमान १० दिवसांनी कोर्टात अर्ज. रिफायनान्सची (जुनं कर्ज फेडून नवं घेण्याची) घाई असेल, तर लीनच्या १२५ टक्के रकमेचा बाँड (हमीपत्र) नोंदवून घर मोकळं करता येतं.