रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० चा मागचा टायर बदलताना

टायरवाला हमखास म्हणतो, "एक साइज मोठा टाका, गाडी भारदस्त दिसेल." आधी चेनकव्हरवरचं स्टिकर किंवा मॅन्युअल बघा. २०२१ नंतरच्या क्लासिक ३५० ला पुढे १००/९०-१९ आणि मागे १२०/८०-१८ असतो. जुन्या मॉडेलचे आकडे वेगळे, त्यामुळे मित्राच्या गाडीचा साइज डोळे झाकून उचलू नका.

१२० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे रिमपासून टायरची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे ९६ मिमी. १८ हा रिमचा व्यास इंचात. आता १३०/८० टाकला तर उंची होते १०४. रुंदी १० मिमीने वाढली आणि वर-खाली आठ-आठ मिळून चाकही १६ मिमीने मोठं झालं! रिम मात्र तीच. अरुंद रिमवर रुंद टायर चिमटला जातो, त्याचा माथा जास्त गोल होतो आणि वळणावर गाडी हवी तशी झुकत नाही. माझ्या एका मित्राच्या गाडीत टायरची कड चेनला घासून रबराचा भुगा पडायचा. मेन स्टँडवर चाक हाताने फिरवून चेन आणि मडगार्डजवळची जागा बघाच.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. स्पोकचं चाक असेल तर त्याच मापाची नवी ट्यूबही घ्या. टायर कधी बनला ते सांगणारे कडेवरचे चार आकडेही वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. बसवताना टायरवरच्या बाणाची दिशा (चाक फिरण्याची) स्वतः तपासा.