हायब्रिड प्रोसेसरवर जड काम ई-कोअरवर अडकलं तर

व्हिडिओचा एक्स्पोर्ट जोरात चाललेला असतो, विंडो मिनिमाइझ केली की मंदावतो आणि पुन्हा पुढे आणली की वेग धरतो. इंटेलच्या १२व्या पिढीपासून (अल्डर लेक, नोव्हेंबर २०२१) पुढच्या मशीनवर ही तक्रार नेहमीची आहे. प्रोसेसर बिघडलेला नसतो. या हायब्रिड प्रोसेसरांत दोन प्रकारचे कोअर असतात: वेगवान पी-कोअर आणि वीज वाचवणारे, हळू ई-कोअर. विंडोजने ते काम दुय्यम समजून ई-कोअरवर ढकललेलं असतं. इलाज सोपा आहे, पण क्रम पाळा: आधी काम कुठे चाललंय ते पाहा, मग विंडोजला योग्य इशारा द्या, आणि अ‍ॅफिनिटीला (प्रोग्रामला ठरावीक कोअरवरच बांधणं) हात अगदी शेवटी लावा.

पी-कोअर किती ते आधी काढा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू इथे कोअर आणि लॉजिकल प्रोसेसर असे दोन आकडे दिसतात. हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोअरचे दोन लॉजिकल प्रोसेसर होणं, फक्त पी-कोअरना असतं, म्हणून दुसऱ्यातून पहिला वजा केला की पी-कोअर मिळतात. आय५-१२४०पी मध्ये १६ वजा १२, म्हणजे ४. त्यांचे लॉजिकल प्रोसेसर ० ते ७, आणि ८ ते १५ हे ई-कोअर. अ‍ॅरो लेक डेस्कटॉप प्रोसेसरांत हायपरथ्रेडिंगच नाही, तिथे हा हिशेब लागू पडत नाही.

आता आलेखावर राइट-क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडा, काम सुरू करा आणि त्याची विंडो मिनिमाइझ करा. वरच्या उदाहरणात पहिले ८ चौकोन शांत आणि शेवटचे ८ शंभर टक्क्यांवर गेले, तर निदान पक्कं.

असं का होतं? थ्रेड डायरेक्टर हा प्रोसेसरमधला भाग कोणत्या प्रकारच्या कामाला कोणता कोअर किती उपयोगी आहे याचा तक्ता सतत पुरवतो. पण निर्णय विंडोजचा. विंडोज ११ तो तक्ता वाचतं, विंडोज १० वाचत नाही. शिवाय विंडो पुढे आहे की मागे, प्रोसेसची प्रायॉरिटी आणि पॉवर मोड हेही निर्णयात धरलं जातं. म्हणून इशारे द्यायचे ते इथेच.

सेटिंग्ज, सिस्टीम, पॉवर इथे मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' करा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. मग टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये प्रोसेसची प्रायॉरिटी तपासा. काही एन्कोडर (व्हिडिओचं रूपांतर करणारे प्रोग्राम) स्वतःच 'बिलो नॉर्मल' लावून घेतात, ती 'नॉर्मल' करा. 'हाय' करायची गरज नाही, त्याने बाकीची मशीन अडखळते. प्रोसेसेस टॅबमध्ये हिरवं पान दिसत असेल तर एफिशियन्सी मोड बंद करा.

लॅपटॉपची बॅटरी वाचवायची म्हणून पॉवर मोड बदलायचा नसेल, तर एकाच प्रोग्रामला सूट देता येते. अ‍ॅडमिन टर्मिनलमध्ये पॉवरसीएफजी ही कमांड, पुढे स्लॅश पॉवरथ्रॉटलिंग, डिसेबल, स्लॅश पाथ आणि अवतरणात एक्सईचा पूर्ण पत्ता. डिसेबलच्या जागी रीसेट दिलं की सूट रद्द.

इतकं करूनही भागलं नाही तरच अ‍ॅफिनिटी. ऑडिओसारख्या, एक क्षणही न अडखळता चालायला हव्या अशा कामाला ती शोभते. सगळे कोअर वापरणाऱ्या एन्कोडिंगला पी-कोअरपुरतं बांधलं तर बारापैकी आठ कोअर फुकट जातात आणि वेळ उलट वाढू शकतो. अपवाद एक: कामाचे सारखे तुकडे करून प्रत्येक थ्रेडला (प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या शाखांपैकी एकीला) एकेक देणारा प्रोग्राम. त्यात पी-कोअर लवकर मोकळे होतात आणि ई-कोअरची वाट पाहत बसतात. प्रोग्राम तुमचाच असेल तर बांधू नका, तुकडे लहान करा आणि जो थ्रेड मोकळा होईल त्याला पुढचा द्या. ओपनएमपी या, काम थ्रेडमध्ये वाटून देणाऱ्या साधनात 'स्टॅटिक' ऐवजी 'डायनॅमिक' हाच बदल.

डिटेल्स टॅबमधली 'सेट अ‍ॅफिनिटी' प्रोग्राम बंद होताच विसरली जाते. कायमची हवी तर कमांड प्रॉम्प्टची स्टार्ट ही कमांड शॉर्टकटमध्ये घाला: सीएमडी, स्लॅश सी, स्टार्ट, रिकामी अवतरणचिन्हं, स्लॅश अ‍ॅफिनिटी, एफएफ, मग प्रोग्रामचा पत्ता. एक एफ म्हणजे चार लॉजिकल प्रोसेसर, म्हणून ८ साठी दोन एफ, १२ साठी तीन. रिकामी अवतरणचिन्हं गाळू नका. स्टार्ट पहिल्या अवतरणातला मजकूर विंडोचं शीर्षक मानते, त्यामुळे प्रोग्रामऐवजी नुसती काळी विंडो उघडते. आणि लाँचरला घातलेलं बंधन त्याने उघडलेल्या प्रोग्रामलाही लागतं, हे ध्यानात असू द्या.

लिनक्सवर क्रमांकांचा अंदाज बांधावा लागत नाही. सिस फोल्डरातल्या डिव्हायसेसमध्ये 'सीपीयू_कोअर' आणि 'सीपीयू_अ‍ॅटम' असे दोन फोल्डर असतात. त्यांतल्या 'सीपीयूज' फाइलमध्ये अनुक्रमे पी आणि ई-कोअरचे क्रमांक लिहिलेले असतात. बांधायला टास्कसेट ही कमांड. आधीच चालू असलेल्या प्रोसेसला लावताना 'ऑल-टास्क्स' हा पर्याय द्या. तो राहिला तर एकच थ्रेड बांधला जातो, आधीपासूनचे बाकीचे पूर्वीसारखेच कुठेही फिरत राहतात.