गोल्फ: बंकरमधला 'हाफ फ्राय' कसा काढावा

रफमध्ये, म्हणजे कडेच्या उंच गवतात, बॉल गेला तर जास्त लॉफ्टचा (तोंड जास्त कललेला) क्लब घ्या, मूठ घट्ट धरा आणि गुमान फेअरवेवर, कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, या. झाडाखाली गेला तरी तेच, फक्त लॉफ्ट कमी. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

खरी रड बंकरमध्ये, म्हणजे रेतीच्या खड्ड्यात, भुसभुशीत रेतीत रुतलेल्या बॉलची. वरून अर्धाच दिसतो, भोवती रेतीचं कडं. थेट हाफ फ्राय. इथे जो तो सांगतो, 'सँड वेजचा फेस उघडा', म्हणजे रेतीसाठीच्या क्लबचं तोंड उजवीकडे वळवा. साफ चूक! तो सल्ला रेतीवर बसलेल्या बॉलचा. अमेरिकन गोल्फर जीन साराझेनने 1932 च्या सुमारास आजच्या धाटणीची सँड वेज आणली, ती तळ रेतीवरून घसरावा म्हणूनच. रुतलेल्या बॉलला घसरणारा नव्हे, खणणारा क्लब लागतो. फेस उघडून मी दोन-तीन वर्षं घालवली. बॉल एक तर वीतभर सरकायचा, नाहीतर पोटात धार लागून ग्रीनपलीकडे, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीपलीकडे, जायचा. एकदा चौथ्या फटक्यानंतर माझी बॅग उचलणारा कॅडी हळूच म्हणाला, "साहेब, तोंड मिटा त्याचं."

तर तोंड मिटा. उजव्या हाताने खेळणाऱ्याने फेस किंचित डावीकडे वळवायचा. आत शिरताना रेती तो उघडतेच. पिचिंग वेजही चालते, तिचा तळ अरुंद असतो. बॉल मधोमध किंवा जरा उजव्या पायाकडे. वजन डाव्या पायावर, आणि शेवटपर्यंत तिथेच. मनगट मोडून क्लब उभा उचला आणि बॉलच्या दोन बोटं मागे कुदळीसारखा हाणा. क्लब रेतीतच राहू दे. फॉलो-थ्रूची हौस इथे नको. बॉल उचलायचाही प्रयत्न करू नका, रेतीच त्याला बाहेर ढकलते.

फटक्याआधी क्लब बॉलमागच्या रेतीला टेकवलात तर दोन स्ट्रोकचा (फटक्यांचा) दंड.

बॉल कमी उंचीने निघतो, स्पिन नसते, त्यामुळे ग्रीनवर लांब पळतो. भोकातला फ्लॅग जवळच असेल तर त्याचा नाद सोडा, जिथे ग्रीन जास्त आहे तिकडे मारा. बॉल बंकरच्या उभ्या काठाखालीच रुतला असेल तर 'अनप्लेएबल' (खेळता न येणारा) म्हणा. एका दंडात बंकरमध्येच ड्रॉप, म्हणजे बॉल हाताने दुसरीकडे टाकायचा. 2019 पासून दोन दंड घेऊन बंकरबाहेर, फ्लॅगच्या रेषेत मागेही टाकता येतो. मी अशा वेळी दोन दंड मुकाट घेतो. साताचे नऊ झालेले पुरेसे पाहिलेत.

निघताना रेती सारखी करायला रेक (दाताळं) मारा. कुदळीचा खड्डा मोठा असतो.