गाल सारखे तापतात? रोझेशिया कसा ओळखावा, कसा आवरावा

भाकऱ्या थापून चुलीपुढून उठल्यावर तासभर गाल भणभणतात, नाकाच्या आजूबाजूला बारीक पुरळ दिसतं आणि मुरुमांची क्रीम लावली की आणखीच झोंबतं. महिनोन्‌महिने असं चाललं असेल तर ते मुरूम नसून रोझेशिया असू शकतो. हा चेहऱ्याच्या त्वचेचा जुनाट दाह आहे. बहुधा तिशीनंतर सुरू होतो आणि बायकांत जास्त आढळतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मुळापासून जात नाही, पण आवरता नक्की येतो.

आधी ओळख पटवा

या आजाराचे फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात. आपल्या सावळ्या गालावर तशी लाली उठत नाही, कातडी काळपट-तांबूस दिसते. म्हणून आरशापेक्षा जाणिवेवर भरवसा ठेवा. गाल, नाक, कपाळ, हनुवटी गरम होणं, चुरचुरणं, साधा साबणही झोंबणं ही लक्षणं. मुरुमांत काळ्या टोकाच्या पुटकुळ्या असतात, इथे नसतात. सांधे दुखत असतील, ताप येत असेल, तोंडात फोड असतील तर मात्र प्रकरण वेगळं असू शकतं, लगेच डॉक्टर गाठा.

तोंड तापलेलं असतानाच दारात, उजेडात फोटो काढा. निपाणीहून कोल्हापूरला किंवा खानापूरहून बेळगावला पोचेपर्यंत गाल निवलेले असतात आणि डॉक्टरांना दाखवायला काहीच उरत नाही.

घरातली ट्यूब तपासा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. आपल्याकडे चेहऱ्याला काही झालं की मेडिकलमधून ट्यूब येते, किंवा शेजारच्या काकूंना गुण आला म्हणून त्यांची उरलेली लावली जाते. ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. गोरं करण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कित्येक क्रीममध्येही ते असतं. पहिल्या आठवड्यात तोंड तुकतुकीत होतं आणि माणूस फसतो. पुढे कातडी पातळ पडते, शिरा दिसू लागतात, आणि नसलेला रोझेशियाही या ट्यूबमुळे उद्भवतो. २०१८ साली सरकारने अशा १४ स्टेरॉइडांना चिठ्ठीशिवाय विकण्याची सवलत काढून घेतली, तरी काउंटरवर अजून सहज मिळतात.

बरेच दिवस लावली असेल तर एकदम बंद केल्यावर तोंड उफाळून येतं, आणि घाबरून माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतो. ती कशी सोडवायची हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. जाताना ट्यूब पिशवीत घ्या. चिठ्ठी इंग्रजीत आणि बोलणं कन्नडमध्ये असलं तरी ट्यूब दाखवली की काम होतं.

रोजचं धुणं आणि ऊन

बंबाचं कढत पाणी अंगाला घ्या, तोंडाला कोमट. बिनवासाचं सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा, टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. मग साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. लिंबू, बेसनाचा लेप, टूथपेस्ट, ब्लीच, फेशियल सगळं बंद. पावसाळ्यात सर्दी झाली की वाफ घ्यायची सवय आहे, तीही तोंडाला सोसत नाही.

सकाळी किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावा. झिंक ऑक्साइडचं असेल तर कमी झोंबतं. उसाच्या भांगलणीला जाणाऱ्यांचं सनस्क्रीन घामाने दहा वाजेपर्यंत धुऊन जातं. तिथे सुती पदर किंवा रुंद काठाची टोपी जास्त कामाची, आणि जमेल तर दुपारी सावली.

कशाने भडकतं ते शोधा

प्रत्येकाचं कारण निराळं. महिनाभर कॅलेंडरच्या चौकटीत रोज दोन शब्द लिहा: 'चूल', 'वारा', 'रस्सा', 'भांडण'. हो, रागानेही भडकतं. संकेश्वरी मिरचीचा ठेचा सगळ्यांनाच बाधतो असं नाही, तेव्हा नोंद पाहूनच सोडा. चहात बहुधा पत्तीपेक्षा वाफाळतेपणा नडतो, निववून प्या. दारूने भडकतं हे खरं, पण थेंबही न घेणाऱ्यांना हा आजार होतो. नाक लाल दिसलं म्हणून गावाने माणसाला दारुडा ठरवू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही चेहरा तापतो. त्या मनाने थांबवू नका, डॉक्टरांना सांगा.

औषध आणि धीर

पुरळासाठी मेट्रोनिडाझोल, अॅझेलिक अॅसिड किंवा १ टक्का आयव्हरमेक्टिन लावायला देतात. जास्त असेल तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. त्या ग्लासभर पाण्यासोबत घ्यायच्या, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, आणि गरोदर बाईने घ्यायच्या नाहीत. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत डॉक्टर बदलणाऱ्यांचं म्हणूनच काही खरं नसतं. पुरळ गेलं तरी लाली आणि शिरा क्रीमने फारशा हलत नाहीत. त्यांना लेझर लागतं. सावळ्या कातडीवर चुकीचं लेझर डाग पाडतं, म्हणून पार्लरमध्ये नको, तज्ज्ञांकडेच. आराम पडल्यावर क्रीम किती दिवस सुरू ठेवायची, तेही त्यांच्याकडून ठरवून घ्या.

डोळे विसरू नका

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपणं, पापण्यांच्या कडा सुजणं, सारखी रांजणवाडी होणं हेही रोझेशियाचंच असू शकतं. विड्या वळणाऱ्या बाया तंबाखूच्या धुळीला दोष देऊन वर्षं काढतात. कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने मिटलेल्या पापण्या पाच-दहा मिनिटं शेका आणि कडा हलकेच पुसा. मात्र डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा धूसर दिसत असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.